भीमाबाईच्या घरातला नाग

"चांगदेव, तो ब्रश खाली ठेव! एक फटकारा जरी त्या दाराला लागला ना, तर बादलीसकट तुला खाडीत बुडवीन!"

विमलाआजी दाराच्या आडोशाला, आत सुकट निवडत बसल्या होत्या. सुपली मांडीवरून बाजूला सरकवून, गुडघ्यावर हात रेटत त्या उठेपर्यंत समोरच्या बंद दारावर हातभर खळ लागूनही गेली होती. चांगदेवने ब्रश बादलीत बुडवला आणि केविलवाणं तोंड करून मागे बघितलं.

"आजी, आरडू नका ओ. हात हालतो माझा. नोटीस वाकडी लागली की साहेब बोलतात."

"नोटीस? कुणाच्या दाराला लावतोयस तू?"

चांगदेवने कागद डोळ्यांपासून लांब धरला. "भीमाबाई हिरामण वाघचौरे. टॅक्सच्या बिलावर हेच नाव हाय."

"मग! नांदतं घर आहे ते. ती बघ, साडी वाळतेय."

खरंच वाळत होती. दाराशेजारच्या दोरीवर हिरवी, पिवळ्या काठांची साडी. चांगदेवने तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. चार वर्षं तो या गल्लीतून जाता-येता हेच बघत होता. सोमवारी हिरवी, मंगळवारी जांभळी, बुधवारी ठिपक्यांची.

"साडी हाय. बाई कुठंय?"

"खडवलीला गेलीय. मावसबहिणीकडे. पापड घालायला."

"सप्टेंबरात पापड?"

"त्यांच्यात तशी पद्धत आहे," विमलाआजी डोळ्याची पापणी न लववता म्हणाल्या.

डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत विमलाआजींचं बोलणं कुणी तराजूत घालत नसे. त्यांच्या माहेरी देवगडला म्हणे एवढा मोठा फणस लागला होता की तो उतरवायला बोट बोलावली होती. सव्वीस जुलैच्या पुरात त्यांनी म्हणे दारातूनच बावीस पापलेटं धरली, आणि तीही तेलमीठ लावलेली. गल्लीतली दोन पिढ्यांची पोरं या थापांवर जेवली आणि मोठी झाली.

आणि गंमत बघा, याच विमलाआजी गेली तीस वर्षं पालिकेच्या पंच होत्या.

नियमच तसा होता. कुणाच्या आवारात उकिरडा साचला, कुणाची भिंत कलली, कुणी गटारावर ओटा बांधला, की प्रभाग कार्यालयातून नोटीस निघायची. मालक भेटला तर हातात द्यायची, नाही भेटला तर दाराला चिकटवायची. मात्र चिकटवताना दोन पंच हवेत. काय बघितलं, कसं बघितलं ते कागदावर उतरवायचं आणि खाली पंचांच्या सह्या. दुपारच्या वेळी गल्लीत सापडणार कोण? बाप्ये कामावर, बायका दाराआड. एक कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला साईनाथ, आणि दुसऱ्या विमलाआजी. त्या तर बोलवायच्या आधीच हजर.

चांगदेव नोकरीला लागला तेव्हा मैद्याची नुसती खळ आणायचा. पहिल्याच नोटिशीला गल्लीतल्या शेळीने चाटून चाटून गिळलं. साहेब भडकले. तेव्हा विमलाआजींनीच त्याला सांगितलं, "अरे, चिमूटभर मोरचूद टाक खळीत. कडू लागतं. शेळी काय, तुझा साहेबसुद्धा चाटणार नाही." तेव्हापासून चांगदेवची खळ निळसर असायची. आता सहा महिन्यांनी तो रिटायर होणार होता. खळ अजून निळीच होती.

"वाच," विमलाआजी म्हणाल्या. "काय लिहिलंय ते मोठ्यानं वाच."

"'सदर मिळकत दीर्घकाळ बंद, पडीक व दुर्लक्षित असून तेथे डासांची पैदास, वाढलेले गवत...'" चांगदेव अडखळला. "'...व विषारी सर्पाचा वावर असल्याने सार्वजनिक उपद्रव होत आहे. पिंपळाच्या झाडामुळे मागील भिंतीस धोका आहे. सात दिवसांत उपद्रव दूर करावा, अन्यथा बांधकाम निष्कासित करण्यात येईल.'"

"निष्कासित म्हणजे?"

"पाडणार, आजी."

विमलाआजींना पाडण्याचं ऐकू आलं, पण त्या अडकल्या होत्या अलीकडच्याच शब्दावर.

"साप कुठून आला यात?"

"तुम्हीच विचारता व्हय?" चांगदेव म्हणाला. "अख्ख्या प्रभागाला म्हाईत हाय. भीमाबाईच्या घरातला नाग."

विमलाआजी मटकन ओट्यावर बसल्या.

तो नाग त्यांचाच होता. त्यांनीच जन्माला घातलेला.

झालं होतं असं. दोन वर्षांमागे पांढऱ्या गाडीतून दोन एजंट आले. गॉगल, गळ्यात चेन, हातात मोजपट्टी. बंद घराच्या चारी बाजूंनी फिरले, पिंपळाचा फोटो काढला आणि विमलाआजींना विचारलं, "मावशी, इकडची म्हातारी जिवंत आहे का?"

हे विचारणं विमलाआजींना असं झोंबलं की बास. त्यांनी आधी त्यांना पाणी दिलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हळू बोला. तो झोपलाय."

"कोण?"

"नाग. सात हाताचा. भीमाबाईला बहीण मानतो. मागच्या टाकीपाशी असतो. पूर्वी कोळशाची इंजिनं होती ना, तेव्हा त्यांच्या शिटीला शीळ घालून उत्तर द्यायचा. आता इंजिनं गेली, त्याचं मन लागत नाही बिचाऱ्याचं. चिडका झालाय. रविवारी दूध घेतो, एरवी चहा. पण चहात टोस्ट बुडवून दिला नाही तर अंगावर येतो."

एक एजंट हसला. दुसरा कोकणातला असावा, तो हसला नाही. नेमकी त्याच वेळी मागे वाऱ्याने सुकलेली झावळी सरसरली. दोघेही असे धावले की एकाचा एक सँडल गल्लीतच राहिला. विमलाआजींनी तो आपल्या दाराबाहेर खिळ्याला टांगून ठेवला. पुरावा म्हणून. पुढे जो येईल त्याला त्या सँडलासकट गोष्ट ऐकू येई, आणि दर खेपेला नागाची लांबी हातभर वाढे. परत कुणी एजंट फिरकला नाही. आपण केवढं काम केलं म्हणून विमलाआजी स्वतःवरच खूश होत्या.

घर राखायचं, हे त्यांनी कबूल केलं होतं ना. भीमाबाईला.

पंचेचाळीस वर्षांपूर्वी दोघी एकाच पावसाळ्याच्या तोंडाशी या गल्लीत आल्या. विमल देवगडहून, भीमा संगमनेरकडून. समोरासमोर दोन खोल्यांची कौलारू बैठी घरं. तेव्हा पलीकडे मिठागरं होती, रात्री कोल्हे ओरडायचे. (इथे विमलाआजी कोल्ह्यांना नावंही देत, पण ते असो.) भीमाचे मालक हिरामणराव केमिकल कंपनीत. भीमा स्टेशनजवळच्या एका प्रसूतिगृहात आया. तिच्या हातात आलेली पोरं पुढे तिला रस्त्यात ओळखत नसत. ती मात्र त्यांना ओळखायची. "हा पायाळू," म्हणायची बॅगवाल्या एखाद्या साहेबाकडे बघून.

भीमाबाई जन्मात कधी खोटं बोलली नाही. आणि विमलाबाईंचं खोटं तिच्याइतकं मन लावून कधी कुणी ऐकलं नाही. गोष्ट कितीही ढगात गेली तरी हिचं आपलं एकच, "मग? पुढं?" एकदा विमलाबाईंनी कंटाळून गोष्ट मध्येच सोडली, तर भीमाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "विमल, खोटं सांग, पण अर्धवट नको सांगू. रात्रभर झोप लागत नाही मला."

रोज संध्याकाळी दोघी साड्यांच्या घड्या घालायच्या. त्या गल्लीची रुंदी बरोबर एका साडीची होती. ही हिच्या उंबऱ्यावर उभी, ती तिच्या उंबऱ्यावर, आणि मध्ये साडी ताणलेली. सायकलवाले खाली वाकून जायचे, फुगेवाला थांबून राहायचा. मग दोन्हीकडून चालत मधोमध यायचं, टोकाला टोक लावायचं, आणि तेवढ्यात दिवसभराचं काय असेल ते एकमेकींच्या कानात सांगून टाकायचं. सासूची गाऱ्हाणी, हिरामणरावांचा खोकला, भीमाच्या प्रीतीच्या शाळेतल्या खोड्या, सगळं त्या घड्यांत गेलं.

चार वर्षांमागे भीमाबाईला नीट दिसेना, तेव्हा लेक प्रीती तिला नागपूरला घेऊन गेली. निघताना भीमाबाईने किल्ली दिली, कपाटातल्या सहा साड्या दाखवल्या.

"रोज एक वाळत घाल, विमल. घर नांदतं दिसलं पाहिजे. रिकामं दिसलं की लोकांच्या नजरा लागतात. मी येतेच जयंतीला."

चौदा एप्रिलला आली नाही. बुद्धपौर्णिमेला आली नाही. विमलाबाई मात्र रोज साडी वाळत घालत राहिल्या. संध्याकाळी घडी घालताना दुसरं टोक भीमाबाईच्या दाराच्या कडीला बांधायच्या आणि एकट्याच चालत मधोमध यायच्या. आता गुडघ्यांनी मागच्या अंगणापर्यंत जाववत नव्हतं, पण दर्शनी भाग त्यांनी असा राखला होता की झाडूची रेघ दिसावी.

आणि त्याच दारावर आता निळी खळ वाळत होती.

"मॅडम येतायत पंचनाम्याला," चांगदेव म्हणाला. "कंप्लेंटवाले पण. मी लवकर आलो होतो, म्हटलं तुम्हाला आधी सांगावं. पण तुम्ही दिसला नाही, तर..."

"तर चोरासारखा चिकटवायला लागलास."

"तुमच्यासमोर लावायचं धाडस नाही झालं माझ्याच्यानं," तो खरं तेच बोलला.

स्वच्छता निरीक्षक निशिगंधा मॅडम स्कूटीवरून आल्या. सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागलेली कोवळी मुलगी, पण चालण्यात घाई आणि काखेत फाईल. तिच्यामागे मितेश, गल्लीच्या तोंडाशी झालेल्या बावीस मजली टॉवरचा सेक्रेटरी. टॉवरचं नाव 'रिव्हर क्राऊन'. नदी तिथे नाही, खाडी आहे, पण तेवढी थाप विमलाआजींनीही माफ केली असती. साईनाथ इस्त्रीवाल्यालाही बोलावणं गेलं. तो शर्टाला हात पुसत आला. मालकीण कुठे आहे विचारल्यावर विमलाआजींनी मॅडमनाही खडवली आणि पापडच सांगितले.

"आजी, तुम्ही पंच ना? या," मॅडम म्हणाल्या. "आधी मागची बाजू बघू. चांगदेव, काठी घ्या. साप आहे म्हणतात."

"मी नाय जाणार," साईनाथने लगेच सांगून टाकलं. "नऊ हाताचा आहे तो."

"सात," विमलाआजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

मितेश पुढे आला. "बघा मॅडम. ह्या स्वतःच सांगतायत. आम्ही तीनदा ऑनलाईन कंप्लेंट टाकली. दर वेळी फवारणीवाले येतात, ह्यांच्या दारातला तो सँडल बघतात, साप ऐकतात आणि गेटवरूनच परत. आत कोणी जात नाही. टाकी तशीच्या तशी."

"कसली टाकी?" विमलाआजींनी विचारलं.

"मागची सिमेंटची टाकी, आजी. आमच्या तिसऱ्या मजल्यावरून दिसते. पावसाचं पाणी भरलंय. डासच डास." मितेशने टॉवरकडे हात केला. "श्रियाला डेंग्यू झालेला. माझ्या मुलीला. अकरा दिवस ॲडमिट होती. प्लेटलेट्स पार खाली गेलेल्या. तुमच्याकडे येते ना ती गोष्टी ऐकायला, दोन वेण्या?"

विमलाआजींना दोन वेण्या आठवल्या. श्रावणात रोज यायची. नाग टोस्ट खातो का खारी, यावर तिने एकदा अर्धा तास हुज्जत घातली होती. मग यायची थांबली. विमलाआजींना वाटलं होतं, परीक्षा जवळ आली असेल.

"आता कशी आहे?"

"घरी आलीय. अजून उभं राहिलं की चक्कर येते."

साईनाथची इस्त्री दुकानात तापत राहिली होती, तिचा वास येत होता.

विमलाआजींनी खिळ्यावरचा सँडल काढला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला. कनवटीची किल्ली काढून भीमाबाईच्या आवाराचं छोटं फाटक उघडलं. गुडघा धरून, भिंतीचा आधार घेत, त्या कमरेएवढ्या गवतात शिरल्या.

"आजी! अहो आजी, साप आहे!" मॅडम ओरडल्या.

"नाही," विमलाआजी मागे न वळता म्हणाल्या. "साप-बीप काही नाही. मी सोडलेली थाप आहे ती. या, बिनधास्त या."

पहिल्यांदा कुणीच हललं नाही. मग चांगदेव निघाला. त्याच्यामागे मितेश, मग मॅडम चपला सांभाळत. साईनाथ फाटकातच उभा राहिला, न जाणो.

पिंपळ चांगला पुरुषभर उंच झाला होता. नागपूरच्या दीक्षाभूमीवरून परतताना भीमाबाईने रोप आणलं होतं, तेलाच्या डब्यात लावलं होतं. डबा कधीच गंजून गेला, मुळं जमिनीत उतरली होती. त्याच्या सावलीत टाकी. काठोकाठ पाणी, वर पिंपळाची पानं, आणि पानांमधून वळवळणाऱ्या बारीक बारीक अळ्या. त्या पाण्यात विमलाआजींना स्वतःचं तोंड दिसलं.

या टाकीपाशी भीमा धुणं धुवायची. घासून घासून आतून पांढरी ठेवायची. आपण राखलं ते नुसतं पुढचं दार. मागे काय चाललंय ते बघायला कुणी येऊ नये म्हणून नाग सोडला, आणि तो चावला कुणाला, तर दोन वेण्यांच्या पोरीला.

"खालचं बूच काढ, चांगदेव."

चांगदेवने बाही वर करून हात घातला. बूच निघेना. मितेशने पँट दुमडली आणि तोही वाकला. दोघांनी ओढलं तसं पाणी भसकन सुटलं आणि गवतातून गटाराकडे पळालं.

पुढच्या दाराशी येऊन मॅडमनी फाईल ओट्यावर ठेवली. पंचनाम्याचा कागद काढला.

"साप नाही, असं लिहिते. टाकी रिकामी केली, असंही लिहिते. पण आजी, घर बंद आहे, गवत आहे, झाड भिंतीला चिकटलंय. मालक सापडत नाही तोवर मला नोटीस मागे घेता येत नाही. मालक कुठे आहेत? नीट सांगा. खडवली वगैरे नको."

विमलाआजी साडीकडे बघत होत्या. वाऱ्याने पदर हलत होता.

"नाही आहे ती," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"गेली. फाल्गुनात. नागपूरला."

चांगदेवने मान वर केली. साईनाथ हसला, आणि हसणं तोंडातच विरलं. मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"आजी, प्लीज. नोटीस टाळण्यासाठी काहीही सांगू नका. आत्ताच तुम्ही म्हणालात, साप खोटा होता. दहा मिनिटांपूर्वी बाई पापड घालायला गेल्या होत्या. आता म्हणता वारल्या. मी काय लिहू?"

"खरं सांगते मी."

"मॅडम, ह्यांचं असंच असतं," साईनाथ हळूच म्हणाला. "मागे मला म्हणाल्या होत्या, तुझ्या दुकानाखाली पोर्तुगीजांचा हंडा आहे. मी फरशी उखडलेली."

विमलाआजींना आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की सांगायला शब्द आहेत आणि ऐकायला माणूस नाही. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. चांगदेवसुद्धा खाली बघत होता.

त्या आपल्या घरात गेल्या. डब्यांचा खडखडाट ऐकू आला. बऱ्याच वेळाने बाहेर आल्या त्या पोह्यांच्या डब्यातलं एक पाकीट घेऊन. फोडलेलं, पण आतला कागद पुरता उलगडलेला नाही. प्रीतीने पाठवलं होतं. फोनवर रडत म्हणाली होती, "मावशी, टॅक्सच्या ऑफिसात नाव बदलायला लागेल. तेवढा कागद देऊन या ना. मला तिकडे यायचं धैर्य होत नाही." विमलाबाई "बरं" म्हणाल्या होत्या. फोन ठेवून बाहेर आल्या होत्या, दोरीवरची जांभळी साडी काढून घडी घातली होती, आणि दुसऱ्या दिवशी ठिपक्यांची वाळत घातली होती. कुणाला काही बोलल्या नव्हत्या. बोललं की ते झालं असं होईल, म्हणून.

मॅडमनी कागद उलगडला. मृत्यूचा दाखला. नाव, तारीख, गोल शिक्का. त्यांनी दोनदा वाचला. मग चांगदेवकडे दिला.

चांगदेवने तो वाचला. अठ्ठावीस वर्षांत त्याने एवढे कागद दारांना चिकटवले होते, पण हा हातात नुसता धरवत नव्हता.

"माझी दोन्ही पोरं त्यांच्या हातातली," तो म्हणाला. "धाकटा उलटा होता. त्यांनीच..."

"मॅडम," कागद परत देत तो म्हणाला, "मयताच्या नावची नोटीस बजावता येत नाय. वारसाचं नाव लागतं. फाईल परत पाठवायला लागंल. टॅक्स खात्यातनं नाव बदलून येईस्तोवर दिवस जातील."

मॅडमनी मान हलवली. "हो. ही नोटीस रद्द. आजी, त्यांच्या मुलीचा नंबर द्या मला. घराचं काय करायचं ते आता त्यांनी ठरवायचं. आमच्या इंजिनिअरना भिंत बघायला पाठवते, झाड हलवता आलं तर हलवू. पण उद्या सकाळी गवत निघालं पाहिजे."

"टॉवरचा माळी पाठवतो मी," मितेश म्हणाला. मग जरा घुटमळत, "आजी, श्रिया विचारत होती. नागाला कोण चहा देतं आता."

"तिला सांग, मी येते सांगायला. वर लिफ्टनं. खरं काय ते सांगेन." जरा थांबून त्या म्हणाल्या, "अर्धवट नाही ठेवणार."

मॅडमनी पंचनामा लिहून काढला आणि वाचून दाखवला. घर बंद. साप आढळला नाही. पाण्याची टाकी पंचांसमक्ष रिकामी केली. मिळकतीच्या मालक श्रीमती भीमाबाई हिरामण वाघचौरे मयत. माहिती देणार विमलाबाई, नाते...

"नातं काय लिहू?"

"शेजारीण," विमलाआजी म्हणाल्या. "समोरची."

शेवटी ती नेहमीची ओळ आली. वरील पंचनामा वाचून दाखवला, तो खरा व बरोबर आहे. तीस वर्षं विमलाआजी या ओळीखाली फर्रकन सही करत आल्या होत्या. आज त्यांनी चष्मा लावला, एकेक अक्षर सुटं सुटं काढलं. विमलाबाईतली वेलांटी लांब झाली, तशीच राहू दिली.

मॅडम गेल्या, मितेश गेला. साईनाथ जळकी इस्त्री बघायला पळाला. चांगदेवने बादलीतलं फडकं पिळून दारावरची खळ पुसली. निळसर डाग राहिला. त्याने अंगठ्याने घासलं, नखाने खरवडलं. मोरचूद मुरलं होतं.

"राहू दे रे," विमलाआजी म्हणाल्या.

ऊन कलायला लागलं होतं. त्या दोरीपाशी गेल्या, हिरवी साडी काढली. कडीला टोक बांधायला म्हणून वळल्या, तर चांगदेवने हात शर्टाला पुसून ते टोक आधीच धरलं होतं. भीमाबाईच्या उंबऱ्यावर उभा राहून. आजी आपल्या उंबऱ्याकडे चालत गेल्या. साडी गल्लीभर ताणली गेली. कुणी एक डिलिव्हरीवाला बाईक घेऊन आला, पलीकडेच थांबला, आणि त्याने इंजिन बंद केलं.

दोघं दोन्हीकडून चालत मधोमध आली. टोकाला टोक लागलं. दोघी इथे कानात बोलायच्या, एवढं चांगदेवने जाता-येता बघितलं होतं. तो टोक धरून तसाच उभा राहिला, कान जरासा पुढे करून.

विमलाआजींनी त्याच्या हातातलं टोक घेतलं. घडी छातीशी धरून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी गवत निघालं. समोरच्या दोरीवर लाकडी चिमटे तेवढे होते, दोन.